योजना एक, राज्यं पन्नास

अमेरिकेत टेक्सारकाना नावाचं एक गाव आहे. अर्धं टेक्सास राज्यात, अर्धं आर्कान्सात. मधून जाणाऱ्या रस्त्याचं नावच स्टेट लाइन अव्हेन्यू आणि गावातल्या टपाल कचेरीची व केंद्रीय न्यायालयाची इमारत नेमकी सीमारेषेवर उभी आहे. केंद्र सरकारनं ठरवलेलं किमान वेतन तासाला ७.२५ डॉलर. आठवड्याला चाळीस तास या दरानं, वर्षभर एकही खाडा न करता राबलं तर कमाई होते १५,०८० डॉलर. २०२५ साली एकट्या माणसासाठी अमेरिकेची दारिद्र्यरेषा होती १५,६५० डॉलर. आता एवढीच कमाई असलेला, मूलबाळ नसलेला, अपंगत्वाचा दाखला नसलेला चाळिशीतला माणूस घ्या. तो रस्त्याच्या आर्कान्साकडच्या बाजूला राहत असेल तर मेडिकेड या सरकारी आरोग्य विम्याला पात्र ठरतो. टेक्सासच्या बाजूला राहत असेल तर त्याला मेडिकेड मिळत नाही आणि खासगी विम्याच्या हप्त्यासाठी केंद्राकडून मिळणारी सवलतही मिळत नाही, कारण ती सवलत दारिद्र्यरेषेच्या वर कमावणाऱ्यांसाठी आहे. कमाई कमी म्हणून मदत नाकारली जाते, असा हा उफराटा न्याय. या पोकळीत आज सुमारे १४ लाख अमेरिकन माणसं अडकलेली आहेत आणि त्यांत सर्वांत मोठा वाटा टेक्सासचा आहे. मेडिकेडमुळे दुबळ्या घटकांना उपचार मिळतात का, हा प्रश्न अमेरिकेत साठ वर्षं विचारला जातोय. पुरावे तपासले तर उत्तर ‘हो’ असंच येतं. मात्र ते किती मिळतात हे राज्यानं घेतलेल्या चार निर्णयांवर ठरतं: कार्ड कोणाला द्यायचं, कशाकशाचा खर्च उचलायचा, डॉक्टरला मोबदला किती द्यायचा आणि कार्ड टिकवायला किती कागद मागायचे. यांतल्या शेवटच्या निर्णयाकडे सगळ्यांत कमी लक्ष जातं आणि नुकसान बहुधा तिथंच होतं.

मेडिकेअर आणि मेडिकेड ही नावं आपल्याकडे सर्रास एकमेकांच्या जागी वापरली जातात. दोन्ही योजना एकाच दिवशी जन्मल्या. ३० जुलै १९६५ रोजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी मिसुरी राज्यातल्या इंडिपेंडन्स गावी, माजी राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रुमन यांच्या उपस्थितीत त्या कायद्यावर सही केली. मेडिकेअर मुख्यतः ६५ वर्षांवरच्यांसाठी. ती पूर्णपणे केंद्राची, देशभर एकसारखी. मेडिकेड गरिबांसाठी, तिचा खर्च केंद्र आणि राज्य वाटून घेतात आणि कारभार राज्य पाहतं. केंद्राचा वाटा निम्म्यापेक्षा कमी नसतो. राज्य जितकं गरीब तितका तो वाढतो. मिसिसिपीसारख्या राज्यात तो तीन चतुर्थांशाच्या वर जातो. योजनेत येणं राज्यांच्या मर्जीवर होतं. शेवटचं राज्य, ॲरिझोना, आलं ते १९८२ साली. केंद्राची किमान चौकट पाळून बाकीचा आराखडा राज्यानं आखायचा, असा हा करार. म्हणून एकाच योजनेला कॅलिफोर्नियात मेडी-कॅल म्हणतात, मॅसॅच्युसेट्समध्ये मासहेल्थ, टेनेसीत टेनकेअर, तर ओक्लाहोमात सूनरकेअर. नावांइतकेच नियमही वेगळे. अमेरिकेत ‘मेडिकेड’ असं एकवचनी बोललं जात असलं, तरी व्यवहारात त्या पन्नासहून अधिक योजना आहेत.

या योजनांचा पसारा मोठा आहे. सुमारे सात कोटी लोक त्यांच्या आधारानं जगतात. देशातल्या दर दहा बाळंतपणांपैकी चारांचा खर्च मेडिकेड उचलतं. वृद्धाश्रमवजा शुश्रूषागृहांत राहणाऱ्या दर दहांपैकी सहा जणांचा खर्चही मेडिकेडच्याच खात्यातून जातो, कारण मेडिकेअर तिथल्या दीर्घ मुक्कामाचे पैसे देत नाही. तरीही २०१४पूर्वी बहुतेक राज्यांत नुसतं गरीब असून भागत नसे. गरीब आणि गरोदर, गरीब आणि लहान मूल, गरीब आणि अपंग, अशी जोड लागे. बराक ओबामा यांच्या काळातल्या २०१०च्या आरोग्य कायद्यानं ही अट काढून दारिद्र्यरेषेच्या १३८ टक्क्यांपर्यंत कमाई असणाऱ्या सगळ्या प्रौढांना मेडिकेड द्यायचं ठरवलं आणि या नव्या गटाचा बहुतेक खर्च, आज ९० टक्के, केंद्रानं पत्करला. पण २०१२ साली सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की हा विस्तार राज्यांवर लादता येणार नाही. तेव्हापासून चाळीस राज्यांनी आणि राजधानी वॉशिंग्टननं विस्तार स्वीकारला. टेक्सास आणि फ्लोरिडासह दहा राज्यांनी नाही. मेन, आयडाहो, ओक्लाहोमा, मिसुरी, साउथ डकोटा या राज्यांत तर विधिमंडळ अडून बसलं तेव्हा मतदारांनीच थेट मतदानानं विस्तार मंजूर करून घेतला. यांतली बरीच राज्यं रिपब्लिकन पक्षाचे बालेकिल्ले आहेत, हे विशेष.

विम्यानं खरंच फरक पडतो का, याचा सर्वांत भरवशाचा पुरावा ओरेगन राज्यानं दिला, तोही पैसे अपुरे पडले म्हणून. २००८ साली राज्याकडे सुमारे दहा हजार जागांपुरता निधी होता आणि नावं आली नव्वद हजारांच्या आसपास. न्याय्य मार्ग म्हणून राज्यानं चिठ्ठ्या काढल्या. चिठ्ठी लागलेले आणि न लागलेले यांच्यात नशिबाखेरीज काही फरक नव्हता, त्यामुळे एमी फिंकलस्टाइन आणि कॅथरिन बायकर यांच्यासारख्या अर्थशास्त्रज्ञांना औषधाची चाचणी घ्यावी तशी विम्याची चाचणी घेता आली. विमा मिळालेले लोक डॉक्टरकडे जास्त गेले, औषधं जास्त घेतली, मॅमोग्राफीसारख्या तपासण्या जास्त झाल्या. मधुमेहाचं निदान होऊन उपचार सुरू होण्याचं प्रमाण वाढलं. नैराश्याचं प्रमाण सुमारे तीस टक्क्यांनी उतरलं. आजारपणापायी घर धुऊन निघेल असा खर्च होण्याचा धोका जवळजवळ संपला. उपचार हाताशी येणं याचा साधा अर्थ हाच: दुखणं अंगावर काढावं लागत नाही आणि ते बरं करण्यासाठी घर गहाण पडत नाही.

याच अभ्यासाचा आधार मेडिकेडचे टीकाकारही घेतात. दोन वर्षांनंतर मोजलं तेव्हा रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि मधुमेहाचं नियंत्रण यांत ठळक म्हणावा असा फरक दिसला नाही. शिवाय तातडीच्या विभागातल्या फेऱ्या कमी होण्याऐवजी चाळीस टक्क्यांनी वाढल्या. आक्षेप खोटा नाही. पण त्यातून जो निष्कर्ष काढला जातो, तो पुराव्याच्या पुढे धावतो. ओरेगनच्या चाचणीत मधुमेह किंवा उच्च रक्तदाब असलेले लोक तुलनेनं थोडे होते आणि दोन वर्षांचा काळ लहान होता. एवढ्यावरून मृत्यूंबद्दल काही ठामपणे बोलता येणंच शक्य नव्हतं. मोठ्या संख्येची वाट पाहावी लागली. २०२५ साली अँजेला वाइझ आणि ब्रूस मेयर या अर्थशास्त्रज्ञांनी ३ कोटी ७० लाख अल्पउत्पन्न प्रौढांच्या नोंदी तपासल्या. विस्तारामुळे नव्यानं मेडिकेड मिळालेल्यांचा मृत्यूचा धोका सुमारे २१ टक्क्यांनी घटला आणि २०१० ते २०२२ या काळात सुमारे २७,४०० जीव वाचले, असा त्यांचा हिशेब आहे. राहिला तातडीच्या विभागातल्या गर्दीचा मुद्दा. बिलाच्या भीतीनं जे लोक छातीत दुखत असतानाही घरी बसत होते, ते विमा मिळाल्यावर रुग्णालयात गेले तर गर्दी वाढणारच. विम्यानं खर्च कमी होईल हे आश्वासन फोल ठरलं, हे मान्य करायला हवं; पण विम्याचं पहिलं काम तेवढं नव्हतंच.

कार्ड कोणाला द्यायचं, यानंतरचा प्रश्न कशाकशाचा खर्च उचलायचा. इथं आयोवा राज्यातल्या केटी बेकेट या मुलीची गोष्ट अमेरिकेच्या आरोग्यधोरणात मैलाचा दगड मानली जाते. तान्ही असताना मेंदूज्वरानं तिला श्वासासाठी यंत्राचा आधार लागू लागला. तीन वर्षांची होईतो ती घरी नेण्याइतकी सावरली होती. डॉक्टरांची हरकत नव्हती, घरचा खर्चही रुग्णालयापेक्षा कितीतरी कमी होता. पण नियम असा की, मूल रुग्णालयात असेपर्यंत आईवडिलांची मिळकत धरायची नाही. घरी नेलं की धरायची. म्हणजे घरी नेताक्षणी मेडिकेड बंद. १९८१च्या नोव्हेंबरात राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी पत्रकार परिषदेत सरकारी कारभाराच्या आंधळेपणाचा नमुना म्हणून हेच उदाहरण दिलं. नियमाला अपवाद केला गेला आणि त्या नाताळाआधी केटी घरी आली. सरकारी खर्चात कपात करायला निघालेल्या राष्ट्राध्यक्षाच्या काळात राज्यांना घरपोच सेवेचा मार्ग खुला झाला आणि तो आज लाखो अपंगांच्या व वृद्धांच्या कामी येतो. पुढे १९९९ साली जॉर्जियातल्या दोन मनोरुग्ण स्त्रियांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की, जो माणूस समाजात राहू शकतो त्याला विनाकारण संस्थेत डांबणं हा भेदभाव आहे. तरीही कायद्याची मूळ वाकडी चाल सुटलेली नाही. शुश्रूषागृहाचा खर्च देणं राज्यांवर बंधनकारक; घरी येऊन आंघोळ घालणारी, जेवू घालणारी मदतनीस देणं बहुतांशी ऐच्छिक. परिणामी, घरच्या सेवेसाठी प्रतीक्षायादीत वा इच्छुकांच्या यादीत नाव असलेले लोक २०२४ साली सात लाखांच्या आसपास होते.

जिथं राज्यांनी मनावर घेतलं तिथं याच अधिकारातून चांगली कामंही उभी राहिली. लुइझियानानं २०१६ साली विस्तार स्वीकारला तेव्हा गरिबांना नव्यानं रांगेत उभं केलं नाही. अन्नसाहाय्य योजनेच्या यादीतून त्यांची मिळकत राज्याला आधीच ठाऊक होती, मग पुन्हा पुरावा मागायचा कशाला? ती यादीच नोंदणीसाठी वापरली. याच राज्यानं २०१९ साली यकृत पोखरणाऱ्या हेपॅटायटिस सी या आजाराच्या औषधासाठी वेगळाच करार केला. या रोगावरचं नव्या पिढीचं औषध २०१३ साली बाजारात आलं तेव्हा बारा आठवड्यांच्या उपचाराची किंमत ८४,००० डॉलर होती. एका गोळीचे हजार डॉलर. बऱ्याच राज्यांनी यकृत पुरतं खराब झाल्याशिवाय औषध द्यायचं नाही, असे नियम केले होते. लुइझियानानं कंपनीला वर्षाची ठरावीक रक्कम देऊन लागेल तितकं औषध घेण्याचा सौदा केला आणि मेडिकेडच्या रुग्णांबरोबर तुरुंगातल्या कैद्यांनाही त्यात घेतलं. बाळंतिणींच्या बाबतीतही असंच घडलं. पूर्वी प्रसूतीनंतर साठ दिवसांत आईचं मेडिकेड संपू शकत असे. प्रत्यक्षात गरोदरपणाशी निगडित मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक प्रसूतीनंतरच्या पहिल्या आठवड्यापासून वर्षभराच्या काळात होतात. २०२१च्या कायद्यानं ही मुदत वर्षभर वाढवण्याची मुभा दिली आणि जवळपास सगळ्या राज्यांनी, टेक्सासनंसुद्धा, ती घेतली. आणखी एक तरतूद बातम्यांत फारशी येत नाही: रुग्णालयापर्यंत जाण्यायेण्याची सोय. आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जाणाऱ्या, गाडी नसलेल्या माणसाला मोफत डायलिसिसपेक्षा तिथं पोहोचणं आधी परवडावं लागतं.

मेडिकेडवरचा सर्वांत व्यावहारिक आक्षेप असा की कार्ड असून उपयोग काय, डॉक्टर भेटतच नाही. त्यात तथ्य आहे. मेडिकेअर एखाद्या तपासणीला जे पैसे देतं, त्याच्या सरासरी सत्तर टक्क्यांच्या आसपासच मेडिकेड देतं. खासगी विमा त्याहून कितीतरी जास्त देतो. साहजिकच बरेच डॉक्टर मेडिकेडचे नवे रुग्ण घेत नाहीत. पण हा दोष योजनेच्या कल्पनेचा नाही, दराचा आहे, हेही तपासून झालं आहे. २०१३ आणि २०१४ या दोन वर्षांसाठी केंद्रानं प्राथमिक उपचारांचे मेडिकेडचे दर मेडिकेअरइतके केले. संशोधकांनी रुग्ण असल्याचं भासवून दहा राज्यांतल्या दवाखान्यांना फोन लावले. वाढीव दरांपूर्वी मेडिकेडच्या रुग्णाला ५८.७ टक्के वेळा भेटीची वेळ मिळत होती, नंतर ६६.४ टक्के वेळा मिळू लागली. जिथं दर जास्त वाढले तिथं सुधारणाही जास्त झाली. दोन वर्षांनी केंद्राचे पैसे थांबले आणि बऱ्याच राज्यांनी दर पुन्हा खाली आणले. डॉक्टर मिळत नाहीत ही तक्रार आणि डॉक्टरांचे दर ठरवण्याची सत्ता, दोन्ही गोष्टी एकाच विधिमंडळात असतात.

आणि मग येतो कागद. महामारीच्या काळात, मार्च २०२०पासून, जादा निधीच्या बदल्यात कोणाचंही मेडिकेड बंद करायचं नाही अशी अट केंद्रानं घातली. नोंदणी सव्वानऊ कोटींच्या वर गेली. २०२३च्या वसंतात ही अट उठली आणि राज्यांनी प्रत्येकाची पात्रता पुन्हा तपासायला घेतली. पुढच्या दीड वर्षाच्या आत अडीच कोटींवर लोकांचं मेडिकेड गेलं. त्यांतले सुमारे सत्तर टक्के अपात्र ठरले म्हणून गेले नव्हते. फॉर्म वेळेत आला नाही, पत्र जुन्या पत्त्यावर गेलं, एखादा कागद जोडायचा राहिला, अशा कारणांनी त्यांची नावं कापली गेली. काहींना दुसरा विमा मिळाला असेलही. पण त्यांची पात्रता कोणी तपासलीच नव्हती. आर्कान्सानं २०१८ साली केलेला प्रयोग याहून बोलका आहे. तीस ते एकोणपन्नास वयाच्या प्रौढांनी महिन्याला ऐंशी तास काम केल्याचं राज्याला कळवायचं होतं. सुरुवातीला ते फक्त संकेतस्थळावरूनच कळवता येई आणि ते संकेतस्थळ रात्री नऊ ते सकाळी सात बंद असे. म्हणजे दिवसभर हॉटेलात भांडी घासून रात्री दहाला घरी येणाऱ्याला आपण काम करतो हे सांगायची सोय नव्हती. तीन महिने चुकले की उरलेलं वर्षभर मेडिकेड बंद. काही महिन्यांत अठरा हजारांवर लोक बाहेर पडले. मार्च २०१९मध्ये न्यायालयानं हा नियम थांबवला. बेंजामिन सॉमर्स आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात दिसलं की रोजगार वाढला नाही. वाढण्यासारखं फारसं काही नव्हतंच, कारण अट लागू असलेल्यांपैकी ९५ टक्क्यांहून अधिक लोक आधीच ती पुरी करत होते किंवा नियमानं सूट मिळण्याजोगे होते.

यावर म्हटलं जातं की फुकटची सवय लागू नये म्हणून अटी हव्यात आणि वर्षाला नऊशे अब्ज डॉलरच्या घरातला हा खर्च कुठवर पेलायचा? खर्चाची चिंता रास्त आहे. मात्र अपंगत्व नसलेल्या, मेडिकेडवरच्या प्रौढांपैकी सुमारे दोन तृतीयांश आधीच काम करतात. उरलेल्यांत बहुतेक आजारी, घरच्यांची सेवा करणारे किंवा शिकणारे आहेत. शिवाय सगळा खर्च बुडीत नसतो. नेथन हेंड्रेन आणि बेन स्प्रंग-कायझर यांनी २०२० साली अमेरिकेतल्या १३३ सरकारी धोरणांचा हिशेब मांडला. लहान मुलांवर, त्यांच्या आरोग्य विम्यावर केलेला खर्च पुढे त्या मुलांनी भरलेल्या करांतून आणि वाचलेल्या सरकारी मदतीतून बऱ्याचदा वसूल होतो, असं त्यांना आढळलं. असं असतानाही ४ जुलै २०२५ रोजी सही झालेल्या केंद्रीय कायद्यानं आर्कान्सातली महिन्याला ऐंशी तासांची अट विस्तारित गटातल्या १९ ते ६४ वर्षांच्या प्रौढांसाठी देशभर आणली. १ जानेवारी २०२७पर्यंत राज्यांनी ती लागू करायची आहे आणि या गटाची पात्रताही दर सहा महिन्यांनी तपासायची आहे. या कायद्यामुळे २०३४पर्यंत विमा नसलेल्यांची संख्या सुमारे एक कोटीनं वाढेल, असा अमेरिकी काँग्रेसच्याच अर्थसंकल्प कार्यालयाचा अंदाज आहे.

एक आक्षेप तात्त्विक आहे आणि तो हलक्यानं घेण्यासारखा नाही. राज्यांना मोकळीक आहे म्हणूनच लुइझियानाचा औषधाचा सौदा झाला, म्हणूनच ओरेगनमध्ये चिठ्ठ्या निघाल्या. सगळं वॉशिंग्टनमधून ठरलं असतं तर यांतलं काहीच घडलं नसतं. खरं आहे. पण मोकळीक कशाची, हा भेद करायला हवा. औषध कसं विकत घ्यायचं, घरची सेवा कशी पोहोचवायची, नोंदणी सोपी कशी करायची, यांत राज्यांनी एकमेकांशी जरूर चढाओढ करावी. किमान उपचार कोणाला मिळणार, ही मात्र चढाओढीची बाब असू नये. मुलांच्या बाबतीत अमेरिकेनं हे १९६७ सालीच मान्य केलं: मेडिकेडवरच्या एकवीस वर्षांखालच्या प्रत्येकाची नियमित तपासणी करायची आणि तपासणीत जे आढळेल त्यावर उपचार द्यायचे, हे सर्व राज्यांवर बंधनकारक आहे. त्या तळाखाली कोणतंही राज्य जाऊ शकत नाही आणि त्यामुळे कोणत्याही राज्याची कल्पकता आटलेली नाही. प्रौढांसाठी असा तळ २०१०च्या कायद्यानं बांधला होता. २०१२च्या निकालानं तो राज्यांच्या मर्जीवर सोडला.

मराठी वाचकाला या साऱ्याशी काय देणंघेणं? अमेरिकेत स्थिरावलेल्या अनेक मराठी घरांना एक नियम थेट लागू होतो: आईवडिलांना ग्रीन कार्डावर बोलावलं तरी १९९६च्या कायद्यामुळे त्यांना सर्वसाधारणपणे पाच वर्षं मेडिकेड मिळत नाही. गरोदर स्त्रिया आणि मुलं यांच्यासाठी ही प्रतीक्षा माफ करायची मुभा २००९पासून राज्यांना आहे; पुष्कळ राज्यांनी ती वापरली, सगळ्यांनी नाही. आणि इकडे, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसारख्या आपल्या योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल झाल्यानंतरच्या उपचारांभोवती बांधलेल्या आहेत. ओपीडीतली तपासणी, रोजच्या गोळ्या, दवाखान्यापर्यंतचं भाडं हे बहुतेक पदरचंच. वेळेवर उपचार मिळण्याचं मोल अमेरिकेत मोजून झालं आहे. तो हिशेब आपल्यालाही वापरता येईल.

मेडिकेड निरुपयोगी आहे, हे म्हणणं आता पुराव्यावर टिकत नाही. उपचार, मनःस्वास्थ्य, कर्जापासून सुटका आणि शेवटी आयुष्य, चारही बाबतींत त्याचा फायदा दिसला आहे. जिथं तो कमी पडला तिथं कारणं माणसानंच निर्माण केलेली होती: पात्रतेची फार खाली ओढलेली रेषा, डॉक्टरांचे पडेल दर, घरच्या सेवेची ऐच्छिकता आणि वेळी-अवेळी मागितलेले कागद. नव्या कायद्याखालीही राज्यांच्या हाती बरंच काही आहे. पगाराच्या नोंदी राज्यांकडे येतातच. अन्नसाहाय्य योजनेची यादी आहे, अपंगत्वाच्या नोंदी आहेत. जी माहिती सरकारच्या दप्तरात आहे ती सरकारनंच शोधावी. आजारी माणसाकडून तिचा पुरावा दर सहा महिन्यांनी मागवायचा आणि तो आला नाही म्हणून इन्सुलिन बंद करायचं, याला काटकसर म्हणता येणार नाही.